पिकू द्या

वसमतच्या बसस्टँडसमोर माझं चष्म्याचं दुकान आहे. पाटीवर 'बद्रुद्दीन चष्मेवाला' एवढंच लिहिलेलं आहे, पण खेड्यापाड्यांतली माणसं मला डॉक्टरच म्हणतात. मी डॉक्टर नाही. मी नंबर काढतो, काचा बसवतो, सैल झालेल्या काड्या आवळून देतो. तीस वर्षांत एकदाही मी कुणाला 'अहो, मी डॉक्टर नाही' असं सांगितलेलं नाही. ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्यात स्वभाव तापट. गिऱ्हाईक फ्रेम घालून पाच-पाच मिनिटं आरशात बघत बसलं की माझं डोकं फिरतं. आणि कुणी उलट प्रश्न केला तर मग विचारूच नका. माझी बायको अमीरबी म्हणते, तुमच्या दुकानात चष्मा कमी आणि बोलणी जास्त मिळतात. हे दोन्ही आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते माझ्या ह्या दोन खोडींमुळंच झालं.

कुरुंद्याच्या शकुबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. लग्न होऊन आल्या त्या वर्षी उत्तमरावांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, त्यांना माझ्याकडं आणलं होतं. लांबचं काही दिसायचं नाही, नंबर उणे नऊ. बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा. तेव्हापासून त्यांचा एकही चष्मा दुसऱ्या कुणी केलेला नाही.

"बद्रुभाऊ, तुमच्या काचा काढल्या तर मला माझा मालक बी वळखू येत न्हाई," त्या म्हणायच्या.

"मग कधीमधी काढत जा की," मी म्हणायचो, आणि उत्तमराव मिशीत हसायचे.

असा आमचा घरोबा. ईदला त्यांच्याकडून हळद यायची आणि इथून शीरखुर्म्याचा डबा जायचा.

ह्या फेब्रुवारीत एका दुपारी शकुबाई सुनेला घेऊन दुकानात आल्या. सून शिवकन्या. मुलगा विजयकुमार कामाला बाहेरगावी असतो, म्हणून सासू-सुनाच घर आणि शेत बघतात. हळदीची काढणी सुरू होती, दोघींचे हात पिवळे. दुकानात लग्नाची गर्दी. एका नवरदेवाला काळा चष्मा पसंत पडत नव्हता आणि त्याचे चार मित्र काचेच्या कपाटावर कोपर टेकून उभे होते. माझं डोकं आधीच तापलेलं.

"डाव्या डोळ्यात चिलटं उडून राहिली," शकुबाई म्हणाल्या. "आठ दिवस झाले. मदी मदी वीज चमकल्यावानी व्हतं. अन् कालपासून खालून सावली चढून राहिली. हिरीत पाणी चढतं ना, तशी."

मी बॅटरी मारून बघितलं. डोळ्यात थोडा पांढुरकेपणा होता. तो होता, हे खरं आहे. उजव्या डोळ्यातही तेवढाच होता, हेही खरं आहे.

"मोतीबिंदू धरून राहिला," मी म्हणालो. "आत्ता हात लावायचा न्हाई. पिकू द्या. होळी झाली की या."

पिकू द्या. आमच्या भागात केळी पिकते, गळू पिकतं, तसा मोतीबिंदूही पिकतो. आता डॉक्टर लोक मोतीबिंदू पिकायची वाट बघत नाहीत, हे मला माहीत होतं. पण तीस वर्षांची सवय. तोंड उघडलं की हे दोन शब्द आपोआप बाहेर पडायचे. माणसंही खूश व्हायची. घाई नाही, आपोआप होईल, सुगी उरकून घ्या.

शिवकन्या मात्र खूश झाली नाही. हातातला मोबाईल पुढं करून म्हणाली, "चाचा, मी यात वाचलं. जाड काचवाल्या माणसाला असं झालं तर डोळ्याचा पडदा सुटू शकतो म्हणून. नांदेडला दाखवावं का?"

मी तिच्या मोबाईलकडं बघितलंसुद्धा नाही.

"बारावी झाली तू, का डॉक्टर झाली?" मी म्हणालो आणि हसलो. नवरदेव हसला, त्याचे मित्र हसले. शिवकन्या लाजली आणि मग तीही हसली. "चाचा म्हणून राहिले ना आत्याबाई, मग बराबरच असंल," असं म्हणत तिनं सासूचा हात धरला आणि दोघी कुरुंद्याच्या गाडीकडं गेल्या.

आता खरं दुखणं सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी नांदेडला आम्हा चष्मेवाल्यांसाठी एक दिवसाचं शिबिर झालं होतं. तिथं एक कागद मिळाला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: जास्त उणे नंबर, अचानक चिलटं, वीज, सावली, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवा. तो कागद मी माझ्या फ्रेमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. त्या दुपारी नवरदेवासाठी फ्रेम काढायला मी ते दार चार वेळा उघडलं. चार वेळा तो कागद माझ्या नाकासमोर आला. शकुबाई गेल्यावरही एकदा आला. गाडी अजून स्टँडातच उभी होती, मला दुकानातून दिसत होती. पळत गेलो असतो तर दोन मिनिटांचं काम होतं. पण पोरीसमोर चारचौघांत हसलो होतो. आता जाऊन काय सांगायचं, की तुझंच बराबर होतं?

गाडी गेली. मी नवरदेवाला चष्मा विकला.

बाराव्या दिवशी उत्तमरावांचा फोन आला, नांदेडहून. डाव्या डोळ्यानं सगळं दिसायचं बंद झालं म्हणून बाईला तिथं नेलं होतं. पडदा सुटला होता. नुसता कडेनं नाही, जिथून बारीक दिसतं तो मधला भागही सुटला होता. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पडदा परत बसेल, पण नजर किती येईल ते सांगता येणार नाही. मधला भाग सुटायच्या आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

"आमालाच उशीर झाला, भाई," उत्तमराव म्हणाले. "सुगी व्हती ना."

मी 'अल्ला रहम करेगा' असं काहीतरी बोललो आणि फोन ठेवला.

शकुबाईंच्या डोळ्यात गॅसचा फुगा भरला होता. तो वर चढून पडद्याला जागेवर दाबून धरतो, म्हणून दहा दिवस पालथं झोपायचं, बसलं तरी मान खालीच. मान उचलली की फुगा सरकतो. घरी आणल्यावर उत्तमरावांनी बाजेची नवार एका जागी सैल करून तोंड मावेल एवढी फट केली. शकुबाई त्या फटीत तोंड घालून पडून राहायच्या. गावातली माणसं भेटायला यायची, आणि भेटायला आलेल्याशी मान वर न करता बोलायचं म्हणजे आमच्याकडं केवढी पंचाईत. पण बाई धीराची. कुणासाठीही मान उचलली नाही.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी गेलो. सोबत दुकानातला आरसा नेला, गिऱ्हाईक ज्यात बघतं तो. बाजेखाली विटेच्या आधारानं तो तिरका लावला, चष्म्याला मागून रबर बांधून तो त्यांच्या तोंडावर पक्का बसवला. चार-पाच वेळा आरसा इकडं-तिकडं केल्यावर शकुबाई एकदम ओरडल्या.

"अगं बाई! दिसलं! बद्रुभाऊ, तुमी किती म्हातारे झाले हो!"

सगळे हसले. उत्तमरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला ती थाप सहन झाली नाही.

तेवढ्यात शेजारच्या सुमनबाई आल्या. आरशात शकुबाईंना बघून त्यांना आधी गंमत वाटली, मग हळहळ. "पाटीनं घात केला बाई तुझा," त्या म्हणाल्या. "सुनेनं एवढी हळदीची पाटी डोक्यावर द्यावी का? नसच तुटली असंल."

"तेच तर," बाजेखालून शकुबाईंचा आवाज आला. "हिनं पाटी उचलून दिली अन् दुसऱ्या दिवशी डोळ्यासमोर अंधार. पोरीच्या जातीला काही कळू नये का?"

शिवकन्या चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती माझ्याकडं बघेल असं मला वाटलं, पण तिनं बघितलं नाही. कप माझ्यापुढं ठेवला आणि आत गेली. मी चहा प्यालो. सगळा प्यालो.

पाटीचा आणि पडद्याचा काही संबंध नव्हता. सावली तर पाटीच्या दहा-अकरा दिवस आधीच आली होती. हे मला माहीत होतं आणि शिवकन्येलाही माहीत होतं. ती का बोलत नव्हती ते मला कळत नव्हतं. मी का बोलत नव्हतो ते मात्र चांगलं कळत होतं.

त्यानंतर मी आणखी दोनदा गेलो. कधी संत्री नेली, कधी आरशाला नवी वीट. दर वेळी एसटीत बसताना ठरवायचो की आज सांगायचं, आणि दर वेळी तसाच परत यायचो. घरी आलो की अमीरबी विचारायची, "बोले क्या?"

"नक्को पूछ," मी म्हणायचो.

शेवटच्या वेळी ती चिडली. "वो छोकरी किसका खा री, मालूम है तुमकू? तुमारे हिस्से की गालियां खा री," ती म्हणाली आणि माझ्यापुढचं ताट तसंच ठेवून उठली. बायकोवर ओरडायची माझी सवय, पण त्या दिवशी ते ताट मीच उचलून आत ठेवलं.

आठव्या दिवशी सकाळीच कुरुंद्याला पोचलो. अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती आणि उत्तमराव ती पायानं उलटत होते. मी आत गेलो, बाजेशेजारी जमिनीवर बसलो. आरशात शकुबाईंचा चेहरा दिसत होता, लाल, सुजलेला, चष्म्याचं रबर गालात रुतलेलं.

"आज सकाळीच? दुकान काहून बंद ठेवलं?"

"शकुबाई, एक सांगायचंय."

"सांगा की. मी कुठं पळून चालले?"

"पाटीनं न्हाई झालं," मी म्हणालो. "तुमी दुकानात आला व्हता ना, त्याच दिवशी पडदा सुटायला लागला व्हता. मला कळायला पायजे व्हतं. कळलं बी व्हतं. माझ्या कपाटावर लिहून ठेवलंय तसं. शिवकन्या बराबर बोलली अन् मी तिला हसलो. त्याच दिवशी नांदेडला गेला असता तर नजर बहुतेक वाचली असती. मी तुमाला पिकू द्या म्हणलं."

एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. गाडी स्टँडात उभी होती तेही सांगितलं. बाजेच्या फटीतून टपकन एक थेंब आरशावर पडला. मग दुसरा. पालथ्या पडलेल्या माणसाचं रडणं गालावरून ओघळत नाही, सरळ खाली पडतं. आरसा धूसर झाला.

"पुसा तो," त्या म्हणाल्या. "मला तुमचं तोंड बघायचंय."

मी रुमालानं आरसा पुसला. त्यांनी उजव्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं, आणि इतकं रोखून की मीच नजर खाली केली. खाली केली तर आरशात पुन्हा त्याच.

"आजून कोणाला सांगितलं?"

"अमीरबीला. दुसऱ्या कोणाला न्हाई."

"पाटीचं मी चारचौघांत बोलत व्हते. तुमी हितंच बसला व्हता. चहा पीत व्हता."

"व्हय."

"मग हे माझ्या कानात काहून सांगून राहिले? मालकाला बोलवा. सुमनबाईला बोलवा. चारचौघांत तिच्यावर टाकलं, ते चारचौघांतच उतरवा."

बोलावलं. दोघंही आले. सुमनबाईंसोबत आणखी एक बाई आली. मी उभं राहून सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. हसल्याचंही सांगितलं. सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला. उत्तमरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तीस वर्सं, भाई. तीस वर्सं तुमच्याबिगर दुसऱ्याला डोळा दाखवला न्हाई आमी," आणि अंगणात जाऊन पुन्हा हळद उलटायला लागले. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिवकन्या चुलीच्या खोलीच्या दारात उभी होती. आरशाच्या टप्प्यात ती येत नव्हती.

"शिवा," शकुबाईंनी हाक मारली.

ती तिथंच उभी राहिली.

"शिवा, इकडं ये." आणि आठ दिवसांत कुणासाठीही न उचललेली मान त्या बाईनं सुनेचं तोंड बघायला उचलली. शिवकन्या धावली. तिचा पिवळा हात सासूच्या डोक्यावर आला आणि तिनं ते डोकं हळूच खाली दाबलं.

"मान खाली, आत्याबाई," ती म्हणाली. "दोनच दिवस राहिले."

तिनं हात काढला नाही. मी आरसा तिथंच ठेवून निघालो.

फाटकापर्यंत शिवकन्या मागं आली. मी म्हणालो, "माफ कर पोरी. तू तरी बोलायचं व्हतं ना. मी हितं येऊन बसायचो तवा माझ्या तोंडावर बोलायचं."

"काय बोलू, चाचा?" ती म्हणाली. "घरी आल्यावर रोज म्हणायच्या आत्याबाई, शिवा, सावली वाढून राहिली. अन् मी हसायचे. तुमी हसला व्हता ना, म्हणून मला वाटायचं हसण्यासारखंच असंल. मीच बारा दिवस हसले. ते कोण उतरवणार?"



सव्वा महिन्यानंतर दोघी दुकानात आल्या. ह्या मधल्या दिवसांत मी तो कागद कपाटातून काढून बाहेर, दुकानाच्या पाटीखाली लावला होता, आणि जो कुणी डॉक्टर म्हणेल त्याला मी डॉक्टर नाही असं सांगत होतो. काहींनी दुकान बदललं, आणि ते त्यांचं बरोबरच आहे. शकुबाई परत येतील असं मला वाटलं नव्हतं.

"काचा तुमच्याकडूनच घेणार," त्या आल्या आल्या म्हणाल्या. "तपासणार नांदेडचे डॉक्टर. तुमी नुसत्या काचा करायच्या."

"बराबर," मी म्हणालो.

फाईल बघितली. गॅस विरला होता, पडदा सगळीकडून नीट बसला होता. दवाखान्याच्या हिशेबानं ऑपरेशन यशस्वी. उजव्या डोळ्याच्या पडद्यालाही विरळ जागी लेझर मारून ठेवलं होतं, म्हणजे तो डोळा तरी जपला जाईल. डाव्या डोळ्याच्या नजरेपुढं दोनच शब्द होते, बोटं मोजते. म्हणजे अक्षरं नाहीत, समोर धरलेली बोटं तेवढी कळतात.

मला खुर्चीवर बसवत नव्हतं, पण बसलो. त्यांचा उजवा डोळा एका हातानं झाकला आणि दोन फुटांवर दुसऱ्या हाताची बोटं धरली.

"किती?"

"दोन."

"आता?"

"चार. का तीन?" तीन होती. "भाऊ, ही नजर वाढंल का?"

माझ्या जिभेवर गोड शब्द आयता तयार होता. वाढंल की, हळूहळू वाढंल, दम धरा. तो गिळला. "वाढली तर थोडी वाढंल," मी म्हणालो. "पहिल्यावानी न्हाई व्हनार."

त्यांनी मान हलवली. मग हातानं चाचपून म्हणाल्या, "शिवा कुठं हाय? समोर ये बरं."

शिवकन्या त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर. शकुबाईंनी मान जरा तिरपी केली, पुन्हा सरळ केली. मधलं काही दिसत नसलं की माणूस कडेनं बघायला लागतो.

"लुगडं हिरवं. हात हायेत," त्या म्हणाल्या. "तोंड तेवढं न्हाई दिसत. तोंडाच्या जागी नुसता धूर." मग त्यांनी मला विचारलं, "भाऊ, हसून राहिली का ती?"

मी शिवकन्येकडं बघितलं. तिनं घाईघाईनं मान हलवून मला खुणावलं, हो म्हणा. सोपं होतं. एका शब्दाचं काम होतं आणि बाईला बरं वाटलं असतं.

"न्हाई," मी म्हणालो. "रडून राहिली."

शकुबाईंनी उजव्या डोळ्यावरचा माझा हात बाजूला केला.